घानाची राज्यव्यवस्था वहीच्या एका पानावर कशी मांडायची

लातूर-संभाजीनगरच्या अभ्यासिकेत बसून घानावर टिपण काढताना पहिलीच ओळ 'अमेरिकेसारखी अध्यक्षीय पद्धत' अशी लिहू नका. ते अर्धंच खरं आहे, आणि अर्ध्या खऱ्यानेच गुण जातात.

पान आडवं धरा. वर लिहा: 1992 ची राज्यघटना, अंमल 7 जानेवारी 1993 पासून, चौथं प्रजासत्ताक. आधीची तिन्ही लष्करी उठावांत बुडाली. खाली डावीकडे राष्ट्राध्यक्षाची चौकट काढा. निवड थेट जनतेतून, मुदत 4 वर्षं, जास्तीत जास्त दोनदा. निम्म्याहून जास्त मतं कुणालाच पडली नाहीत, तर पहिल्या दोघांत 21 दिवसांच्या आत फेरमतदान. 2008 मध्ये तसं झालं होतं.

उजवीकडे संसद. सभागृह एकच, 2024 पासून जागा 276. आता दोन्ही चौकटी जोडणारा जाड बाण काढा, कारण सगळी गोम तिथेच आहे. अमेरिकेत मंत्री व्हायचं तर खासदारकी सोडावी लागते. घानात कलम 78 नुसार निम्म्याहून जास्त मंत्री खासदारांतूनच घ्यावे लागतात आणि त्यांची खासदारकीही टिकते. मग लाल दिव्याकडे डोळे लावून बसलेला खासदार सरकारला कशाला धारेवर धरेल? संसद कमकुवत का, याचं उत्तर या बाणात आहे.

आपल्या लोकसभेच्या सवयीने हमखास चुकतं ते सभापतीचं मत. घानाच्या सभापतीला साधं मतही नाही आणि निर्णायक मतही नाही. मतं समसमान पडली की प्रस्ताव फेटाळला. 2020 ला दोन मोठ्या पक्षांना 137-137 जागा आणि एक अपक्ष असा निकाल लागला, तेव्हा हा नियम किती जड आहे ते कळलं.

खालच्या ओळीत 16 प्रदेश. त्यांना 'राज्य' म्हणू नका. अख्खा देश महाराष्ट्रापेक्षा लहान, आणि प्रदेशाला आपल्या मराठवाडा विभागासारखीच स्वतःची विधानसभा नाही. फक्त विभागीय आयुक्ताच्या जागी राष्ट्राध्यक्षाने नेमलेला, संसदेने मान्य केलेला मंत्री बसतो.

जिल्हा सभा म्हणजे आपली जिल्हा परिषद नव्हे. निवडणूक पक्षाच्या चिन्हाविना होते. सुमारे 70 टक्के सदस्य निवडून येतात, बाकीचे राष्ट्राध्यक्ष नेमतो. जिल्ह्याचा मुख्य कार्यकारीही तोच सुचवतो, पण हजर राहून मत देणाऱ्या सदस्यांपैकी दोन तृतीयांश जणांनी होकार द्यावा लागतो. या पदापुढे 'झेडपी अध्यक्ष' लिहिलंत तर उत्तर गेलं.

पारंपरिक प्रमुखांची चौकट कडेला, वेगळी काढा. त्यांना मान आहे, पण सक्रिय पक्षीय राजकारण करता येत नाही. संसद लढवायची तर गादी सोडावी लागते. आपल्याकडच्या वाड्यांना हा नियम लावून बघा!

राहिली घटनादुरुस्ती. गाभ्याच्या कलमांना सार्वमत लागतं: 40 टक्के मतदारांनी मतदान करायला हवं आणि त्यातल्या 75 टक्क्यांनी बाजूने. हे आकड्यात मांडा. 1000 मतदार असतील तर किमान 400 केंद्रावर यायला हवेत. 400 च आले तर 300 होकार लागतात, 600 आले तर 450. 390 आले आणि सगळ्यांनी हो म्हटलं, तरी दुरुस्ती पडली.