घरातल्या निळ्या वस्तूंचा संग्रह कसा करायचा

एकाच रंगाच्या वस्तू जमवायच्या म्हटलं की लोक आधी बाजार गाठतात, तसं नका करू, याला एक रुपया लागत नाही. रंग निळा घ्या. काऊन तर शेतकऱ्याच्या घरात न मागता सगळ्यात जास्त भेटतो तो हाच, हिरवा तर वावरभर आहे आणि संत्र्याचा रंग आमच्याकडं एवढा की त्यात पाहण्यासारखं काही उरलं नाही.

पहिलं काम म्हणजे घरभर एक चक्कर मारा. अंगण, न्हाणी, गोठा, मंग वावरातली झोपडी. उचलायचं काही नाही, नुसतं पाहायचं. २०० लिटरचा ड्रम, ताडपत्री, बोअरचा केसिंग पाईप, हवाई चपलेचे पट्टे, निळीची बाटली, पोट्ट्यांच्या पेनाची टोपणं, मिरचीत फुलकिड्यांसाठी टांगलेला चिकट सापळा (पांढऱ्या माशीचा पिवळा असतो, तो सोडा). जुन्या घरात चुन्यात नीळ कालवून रंगवलेली भिंत असेल तर तिचा पोपडा पण चालतो.

आता नियम एकच ठेवा, वापरलेलीच वस्तू घ्यायची. आणि जी अजून कामात आहे ती कामातच राहू द्यायची, तिचा तुकडा घ्यायचा. पाईप कापल्यावर उरलेली गोल चकती, फाटलेल्या ताडपत्रीचा कोपरा, तुटलेला पट्टा. रेशनचं रॉकेल निळं असायचं, सबसिडीचा माल दुसरीकडं विकला तर ओळखू यावा म्हणून सरकार त्यात रंग घालायचं. त्याची बाटली कोणाच्या माळ्यावर असेल तर घ्या, पण रिकामी. रॉकेल भरलेली बाटली शोभेला ठेवायची नसते.

संग्रहातली राणी मात्र मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेटचे निळे खडे. एवढा निळा दुसरा कोणताच नाही. संत्र्याची बाग असेल तर घरात असतेच, बुरशीवर वापरायच्या बोर्डो मिश्रणासाठी १ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि १०० लिटर पाणी हे ज्याला त्याला पाठ असते. दोनचार मोठे खडे निवडा आणि काचेच्या बाटलीत प्लास्टिकचं झाकण घट्ट लावून ठेवा. घट्ट यासाठी की खड्यात पाणी बांधलेलं असते, त्याच्यामुळंच तो निळा दिसते, उन्हाळ्यात आपल्याकडच्या कोरड्या हवेत उघडा राहिला तर वरून पांढरट भुकटी धरते. लोखंडी डब्यात तर अजिबात नको, ओल लागली की मोरचूद लोखंड खाते आणि वर तांब्याचा लाल थर चढते. बोर्डो लोखंडी बादलीत न कालवता प्लास्टिकच्या ड्रममध्ये कालवतात ते याच्यामुळंच, आणि तो ड्रम बहुतेक निळाच निघते! हे विष आहे बरं, बाटलीवर मोठ्या अक्षरात लिहा आणि पोट्ट्यांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवा. फवारणीच्या ड्रममध्ये नंतर पिण्याचं पाणी भरू नका, हे संग्रहाच्या बाहेरचं आहे पण सांगून ठेवतो.

मंग मांडणी. सगळं धुवा, पण फिक्कं झालेलं घासून चमकवत बसू नका. उन्हानं प्लास्टिक पांढुरकं होते, हात लावला की भुकटी लागते, तीच तर मजा. एकाच कंपनीच्या चपलेचा फार न वापरलेला पट्टा आणि दोन उन्हाळे खाल्लेला पट्टा शेजारी ठेवा, गडद डावीकडं, फिक्कं उजवीकडं. मोराचं गळालेलं पीस सापडलं तर मध्ये लावा, उपटून आणलेलं कोणी देत असेल तर घेऊ नका.

दीक्षाभूमीवरून आणलेला निळा दुपट्टा किंवा झेंडा घरात असेल तर तो या रांगेत नको. १४ ऑक्टोबर १९५६ ची आठवण आहे ती, चपलेच्या पट्ट्याजवळ ठेवायची वस्तू नाही. त्याची जागा वर, बाबासाहेबांच्या फोटोजवळ.

मागं पांढरी भिंत नको, शेणामातीनं लिंपलेली पाहा, तांबूस-तपकिरीवर निळा एकदम उठून दिसते. फोटो सकाळी ओसरीच्या सावलीत काढा. पिवळ्या बल्बखाली काढला तर मोबाईल सगळं निळं मळकट करून टाकते आणि मंग ग्रुपवर लोक विचारत बसतात की हे हिरवं काय आहे. फोटो झाल्यावर मोरचूदची बाटली आधी वर ठेवा, बाकीचं नंतर आवरा.