चर असा काढा की आत कुणाला उतरावंच लागू नये

लहान ट्रॅक्टरच्या मागे बसवलेला बॅकहो, म्हणजे बकेट स्वतःकडे ओढत खणणारा यांत्रिक हात, शिकताना सगळं लक्ष लिव्हरवर असतं. ते साहजिकच आहे. बूम (ट्रॅक्टरकडचा मोठा दांडा) उचलणं, आर्म (बूमच्या टोकाचा दुसरा दांडा) ओढणं, बकेट वळवणं आणि बाजूला फिरवणं, या चार हालचाली एका लयीत येईपर्यंत दुसरं काही सुचत नाही. पण हात सरावाने बसतो. माती ओळखायला त्याहून फार जास्त काळ जातो, आणि चराच्या कामात माणसाला सगळ्यात मोठा धोका मातीचाच असतो. म्हणून नव्याने येणाऱ्यांना मी आधी एकच गोष्ट सांगतो: मशीनने चर इतका नेटका काढा, की तळ सारखा करायला फावडं घेऊन कुणी आत उतरायलाच नको.

एक घनमीटर माती साधारण दीड ते दोन टन भरते. काठ ढासळायला एक-दोन सेकंद पुरतात, तेवढ्यात पळणं होत नाही. छातीपर्यंत दबलेल्या माणसाचं डोकं बाहेर असलं तरी छाती फुगायला जागा नसते आणि त्याचा श्वास कोंडतो. अनेक देशांचे नियम साधारण दीड मीटर खोलीपासून काठांना उतार किंवा आधार देणं सक्तीचं करतात. या आकड्यावर मात्र विसंबू नका. गुडघ्यावर बसून पाइप जोडणारा माणूस एक मीटरच्या चरातसुद्धा डोक्यापर्यंत आत असतो.

खणायच्या आधी जमिनीखालून जाणाऱ्या केबल, गॅसच्या आणि पाण्याच्या लाइन यांची माहिती ज्यांच्या त्या आहेत त्यांच्याकडूनच घ्या आणि जागेवर चुन्याने आखून घ्या. लाइनच्या जवळ बकेट नेऊ नका, तिथे वरूनच हाताने हळू उकरून ती उघडी करायची. वरच्या विजेच्या तारांकडेही बघा. बूम पूर्ण उभा केल्यावर किती उंच जातो हे बसल्या जागेवरून कळत नाही. तारेपासून किमान तीन मीटर, आणि जास्त दाबाची तार असेल तर त्याहून लांब राहा.

आता मशीन. बॅकहो नुसता थ्री-पॉइंट लिंकेजवर, म्हणजे ट्रॅक्टरमागच्या अवजारं उचलायच्या तीन दांड्यांवर, टांगलेला असेल तर मी त्यावर नवख्याला बसवणार नाही. खोदताना जोर उलटा येऊन तो वर उचलला जाऊ शकतो आणि ऑपरेटर मध्ये चेपला जाऊ शकतो. ट्रॅक्टरच्या अंगाला सबफ्रेमने (खालून बोल्टने जोडलेल्या लोखंडी चौकटीने) घट्ट बसवलेला बॅकहोच वापरा. आखलेल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना चाकं येतील असा ट्रॅक्टर उभा करा, म्हणजे चर मागे राहतो आणि तुम्ही पुढे सरकत जाता. गिअर न्यूट्रल, पार्किंग ब्रेक लावलेला, पुढची लोडर बकेट जमिनीवर सपाट दाबलेली. मग बॅकहोच्या दोन्ही बाजूंचे जॅक (टेकायचे पाय) इतके खाली घ्या की मागच्या चाकांवरचा भार निघेल आणि ट्रॅक्टर आडवा समपातळीत येईल. जमीन मऊ असेल तर जॅकखाली जाड फळ्या घाला. उतारावर भरलेली बकेट खालच्या बाजूला कधीच फिरवू नका. हलका ट्रॅक्टर उलटतो तो बहुधा याच क्षणी, कारण बूम लांब असतो, बकेट जड असते आणि खालचा जॅक टेकू बनतो.

खोदताना घाई करणारा बकेट खोल रुतवतो, इंजिन कण्हायला लागतं आणि चराचा काठ हादरतो. त्याऐवजी दहा-पंधरा सेंटिमीटरचा पातळ थर काढा. दात मातीत जेमतेम घुसतील असा कोन ठेवायचा, ओढायचं काम आर्मला करू द्यायचं आणि बकेट शेवटी वळवायची. आर्म जवळ येताना बकेटची वाट वाकडी होते. म्हणून बूम सतत थोडा वर-खाली करून तळ सरळ ठेवावा लागतो. खरं कसब इथे आहे, आणि सराव करायचा तर याचाच करा. रिकाम्या जागेत उथळ चर काढून, खुणा केलेल्या काठीने वरूनच खोली मोजत राहा. शेवटचा हात फिरवताना बकेटचा तळ जमिनीला समांतर ठेवा. बिनदाती बकेट मिळाली तर फारच छान, तळ भुसभुशीत होत नाही. पाइप वरच जोडून दोराने खाली सोडता आला, की आत उतरायचं कारणच उरत नाही.

काढलेली माती काठापासून किमान साठ सेंटिमीटर लांब टाका, खोल चराला आणखी लांब. ढिगाऱ्याचं वजन काठाला आत ढकलतं आणि ढेकळं परत चरात घरंगळतात. जॅकच्या खालची माती कोरून काढायची नाही. शेवटची वीतभर जागा उरली की ट्रॅक्टर पुढे घ्या.

काठाला समांतर बारीक भेग दिसली, भिंतीला फुगवटा आला, बारीक माती झिरपत राहिली किंवा पाणी पाझरायला लागलं, तर काम तिथेच थांबवा. कोरडी चिकणमाती तासन्‌तास उभी राहते आणि मग एकदम कोसळते. पूर्वी कधीतरी खणून बुजवलेली जागा तर कधीच भरवशाची नसते. भुसभुशीत मातीला एक मीटर खोलीमागे दोन्ही बाजूंना दीड-दीड मीटर आडवा उतार लागतो. म्हणजे दीड मीटर खोल चराचं तोंड तळाच्या रुंदीपेक्षा साडेचार मीटर जास्त रुंद होतं. छोट्या बॅकहोने एवढी माती हलवण्यात अर्थ नसतो. अशा वेळी फळ्या आणि आडव्या टेकूंचा आधार जाणकाराकडून बसवून घ्या, किंवा ते काम घेऊच नका.

तरीही कुणाला उतरावंच लागलं, तर ते आधार किंवा योग्य उतार दिलेल्या भागातच. इंजिन बंद, बकेट जमिनीवर, शिडी हाताशी आणि वर लक्ष ठेवायला एक माणूस हवाच. काठ ढासळून कुणी दबलं तर बकेटने उकरायला जाऊ नका आणि उडीही टाकू नका. बचाव पथकाला लगेच बोलवा आणि बाकीच्यांना काठापासून मागे हटवा.

काम संपल्यावर बकेट टेकवा, इंजिन बंद करा आणि लिव्हर हलवून हायड्रॉलिकचा दाब सोडा. गळती शोधायला हात फिरवू नका, पुठ्ठा वापरा. बारीक छिद्रातून सुटणारं तेल कातडीत घुसतं आणि ती इजा दिसते त्याहून फार गंभीर असते. चर बुजवताना बूम आडवा फिरवून माती लोटू नका, पिना आणि फिरवायचे सिलिंडर खराब होतात. पुढच्या लोडरने पंधरा-वीस सेंटिमीटरचे थर टाकून दाबत जा. दिवसभरात पाइप टाकून बुजवता येईल तेवढाच चर उघडा, आणि काही तुकडा राहिलाच तर त्याभोवती अंधारातही दिसेल असं कुंपण करूनच जागा सोडा.