कोचला हाकलायचं की अजून एक सीझन द्यायचा? भांडायच्या आधी एवढं बघा

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये शनिवारी आपली टीम हरली की रविवारचं जेवण होईपर्यंत कोचबद्दल तोंड उघडायचं नाही, हा पहिला नियम. मी स्वतः तो कधीच पाळत नाही, पण तुम्ही पाळा. कारण हरल्यावर पहिल्या दोन तासांत माणूस जे बोलतो ना, ते कोचबद्दल नसतंच, ते शेवटच्या तीन मिनिटांबद्दल असतं.

मी नेब्रास्का युनिव्हर्सिटीचा. म्हणजे तिथे लिंकनला मास्टर्स करायला गेलो तेव्हा फुटबॉल म्हणजे पायाने खेळतात तोच एवढंच ज्ञान होतं, आणि आता सप्टेंबर ते नोव्हेंबर शनिवारी कोणी मला कार्यक्रमाला बोलवतच नाही, इतकी पाळी आलीय. आणि कोच काढायच्या विषयात आमचा हात कोणी धरू शकत नाही. २००३ मध्ये फ्रँक सोलिच ९ जिंकून ३ हरला होता, त्याला काढलं, का तर म्हणे एवढ्यावर समाधान मानायचं नाही. पुढच्याच वर्षी नवीन कोचने ५-६ केलं (५ जिंकल्या, ६ हरल्या), १९६१ नंतरचा पहिला लॉसिंग सीझन. हातचं सोडून पळत्याच्या पाठी. मग बो पेलिनी आला, सात वर्षं दरवर्षी किमान ९ मॅच जिंकला, २०१४ मध्ये त्यालाही नारळ दिला. मग माइक रायली, तीन वर्षांत १९-१९. आणि मग स्कॉट फ्रॉस्ट, आमचाच पोरगा, १९९७ च्या चॅम्पियन टीमचा क्वार्टरबॅक (चढाई चालवणारा, बॉल फेकणारा मुख्य खेळाडू), त्याला तर आम्ही डोक्यावर घेऊन नाचलो होतो. त्याचा शेवटचा रेकॉर्ड १६-३१.

तर वीस वर्षं उंटावरून शेळ्या हाकून मी एवढंच शिकलोय की 'कोच वाईट आहे का' हा प्रश्नच चुकीचा आहे. प्रश्न असा विचारायचा: याला आत्ता, एवढे पैसे देऊन काढला, तर याच्यापेक्षा बरा माणूस आपल्याकडे येईल का? यात 'आत्ता', 'एवढे पैसे' आणि 'येईल का' हे तिन्ही वेगवेगळे तपासायचे. बहुतेक भांडणं यातलं एकही न तपासता होतात.

पण त्याआधी टीम हरते कशी ते बघा. किती हरली ते सोडा. कॉलेजचा सीझन १२ मॅचचा, एवढ्याशा आकड्यात नशिबाचा हात मोठा असतो. फंबल घ्या, म्हणजे खेळाडूच्या हातून बॉल सुटणं. बॉल सोडवणं हे कौशल्य असेल, पण तो सुटलेला लांबट बॉल कुठे उडी मारेल आणि कोणाच्या पोटाखाली सापडेल हे जवळपास नाणेफेकच आहे. एकाच सीझनमध्ये चार मॅच तीन-तीन पॉइंटने हरल्या, क्वार्टरबॅक जखमी होता, फंबल सगळे समोरच्याला गेले, तर पुढच्या वर्षी काहीही न बदलता ती टीम सुधारू शकते. असल्या वर्षावरून कोच काढू नका.

मात्र हेच कारण वर्षानुवर्षं ऐकू येत असेल तर सावध व्हा. फ्रॉस्टच्या २०२१ च्या टीमने ३-९ केलं, आणि नऊच्या नऊ मॅच दहापेक्षा कमी पॉइंटने हरली. अख्ख्या सीझनमध्ये खाल्ले त्यापेक्षा जास्त पॉइंट केले होते आणि तरी ३-९! मी तेव्हा तावातावाने सांगत होतो की अरे हे नुसतं नशीब आहे, पुढच्या वर्षी बघा. माझा रूममेट म्हणाला, नशीब एक वर्ष खराब असतं रे, चार वर्षं खराब असेल तर त्याला सवय म्हणतात. बरोबर निघाला. एका स्कोअरच्या (म्हणजे आठ किंवा कमी पॉइंटच्या) फरकाने संपलेल्या मॅचमध्ये फ्रॉस्टचा हिशोब शेवटी ५-२२ झाला. याला नाणेफेक म्हणत नाहीत.

सवय ओळखायची कशी? मॅच परत बघा, हरलेलीच, आणि बॉलकडे बघू नका. टाइमआउट कशावर घालवले? तिसऱ्या क्वार्टरचा पहिला ड्राइव्ह (सलग चढाई) कसा गेला, म्हणजे हाफटाइमला काही बदललं की नाही? मैदानात ११ च्या जागी १०च पोरं उभी होती का? आघाडीवर असताना कोचने काय केलं? ऑगस्ट २०२२, डब्लिनला नॉर्थवेस्टर्नविरुद्ध आम्ही तिसऱ्या क्वार्टरला २८-१७ पुढे होतो, आणि फ्रॉस्टने ऑनसाइड किक मारायला लावली, म्हणजे बॉल मुद्दाम जवळच मारून परत आपणच पकडायचा जुगार. कोणी मागितली होती? बॉल नॉर्थवेस्टर्नला मिळाला, मॅच ३१-२८ गेली. ती किक कुठल्या खेळाडूने ठरवली नव्हती, आणि तिथे नशिबाला बोल लावता येत नाही.

दोनच आठवड्यांनी, १० सप्टेंबरला, आमच्या मेमोरियल स्टेडियमला जॉर्जिया सदर्नची टीम आली. घरच्या मैदानावर ३५ किंवा जास्त पॉइंट केले की नेब्रास्का तोवर एकदाही हरली नव्हती, २१४ पैकी २१४. आम्ही ४२ केले. त्यांनी चढाईत ६४२ यार्ड काढले, आणि ३६ सेकंद उरले असताना त्यांचा क्वार्टरबॅक स्वतः बॉल घेऊन घुसला. ४५-४२. माझ्या पुढच्या रांगेत एक आजोबा होते, लाल टोपीवाले, दर खेळीला रेफरीला शिव्या घालणारे. ते काहीच बोलले नाहीत. टोपी काढून मांडीवर ठेवली आणि हातातल्या रिकाम्या कपाची कड नखाने एकेक तुकडा मोडत बसले. लोक शिव्या घालतायत तोपर्यंत कोचला वेळ असतो, हे मी तेव्हापासून मानतो. दुसऱ्या दिवशी दुपारी फ्रॉस्ट गेला.

आता पैसे. इथे सगळ्यात जास्त थापा मारल्या जातात म्हणून जरा थांबतो. बायआउट म्हणजे कॉन्ट्रॅक्ट संपायच्या आत काढलं तर कॉलेजने कोचला द्यायची रक्कम. सरकारी युनिव्हर्सिटी असेल तर कॉन्ट्रॅक्ट बहुतेक वेळा बघायला मिळतं, ते वाचा, कंटाळा करू नका. त्यात तीन गोष्टी शोधायच्या. एक, रक्कम किती. दोन, ती कुठल्या तारखेला कमी होते. फ्रॉस्टचा बायआउट १५ मिलियन डॉलर होता आणि १ ऑक्टोबरला तो थेट निम्मा, साडेसात मिलियन होणार होता. आमच्या अ‍ॅथलेटिक डायरेक्टरने (कॉलेजच्या सगळ्या खेळांचा प्रमुख) तीन आठवडेही थांबायचं नाही असं ठरवलं, म्हणजे आठवड्याला अडीच मिलियन. तेव्हा मला वेडेपणा वाटला होता, आता वाटत नाही, का ते पुढे येतं.

तिसरी गोष्ट बारीक अक्षरात असते: काढल्यावर कोचला दुसरी नोकरी मिळाली तर तिथला पगार यातून वजा होतो का. टेक्सस ए अँड एमने नोव्हेंबर २०२३ मध्ये जिंबो फिशरला काढलं तेव्हा देणं ७६ मिलियनच्या आसपास होतं, आणि त्यात ही वजाबाकीच नव्हती. म्हणजे तो घरी बसला काय आणि दुसरीकडे कोच झाला काय, २०३१ पर्यंत वर्षाला सात मिलियनच्या वर चालूच. आणि रेकॉर्ड काय तर ४५-२५, वाईट म्हणवत पण नाही! उलट पेन स्टेटने ऑक्टोबर २०२५ मध्ये जेम्स फ्रँकलिनला काढलं, कागदावर ४९ मिलियनच्या आसपास होतं, पण त्याला व्हर्जिनिया टेकने घेतलं आणि पेन स्टेटचं ओझं बरंच हलकं झालं. म्हणून बायआउटचा मोठा आकडा कोणी तोंडावर फेकला की आधी विचारायचं, वजाबाकी आहे का.

आणि हो, 'पैसे काय बूस्टर (टीमचे श्रीमंत देणगीदार) देतील' हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. देतील ना, पण त्यांचा खिसा एकच आहे. २०२५-२६ पासून कॉलेजला खेळाडूंना थेट पैसे देता येतात, पहिल्या वर्षी सुमारे २०.५ मिलियनपर्यंत, वर एनआयएल (खेळाडू स्वतःचं नाव-चेहरा जाहिरातींना वापरू देऊन कमावतो ते) वेगळं. जुन्या कोचला घरी बसवायला जो देणगीदार चेक फाडतो त्याच्याकडेच चार महिन्यांनी क्वार्टरबॅकसाठी हात पसरायचाय.

एवढे मोठे बायआउट होतात कसे हा वेगळाच राग आहे माझा. एक चांगला सीझन झाला की एजंट दुसऱ्या कॉलेजचं नाव हळूच सोडतो, इकडे घाबरून एक्स्टेन्शन देतात, म्हणजे कॉन्ट्रॅक्ट वाढवतात. नोट्र डेमने २००५ मध्ये चार्ली वाइसला पहिल्याच सीझनच्या मध्यात दहा वर्षांचं दिलं होतं, २००९ मध्ये काढलं, पुढे कित्येक वर्षं पैसे मोजत बसले. तेव्हा कोच जिंकत असताना पण डोळे उघडे ठेवा, काढायचं भांडण खरं तर त्या दिवशी सुरू होतं.

तारखेचं गणित. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात हायस्कूलची पोरं कुठल्या कॉलेजला खेळणार त्याच्या सह्या करतात. त्यात कोच बदलला की टीममधल्या पोरांना ट्रान्सफर पोर्टलमध्ये (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी) जायला वेगळी मुदत मिळते. म्हणून आता लोक सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच कोच काढतात, शोधाशोध लवकर सुरू व्हावी म्हणून, आणि आम्ही तीन आठवडे आधी साडेसात मिलियन जास्त दिले ते माझ्या मते यासाठीच. पण लवकर काढला म्हणजे लवकर मिळाला असं नाही. पेन स्टेटने ऑक्टोबरमध्ये काढला, नवीन कोच मिळाला तो सही करायचा दिवस उलटल्यावर, आणि त्या दिवशी सह्या केल्या फक्त दोन पोरांनी. दोन!

'थांबा, वेळ द्या' म्हणणारे एक नाव हमखास काढतात, फ्रँक बीमर. व्हर्जिनिया टेकला पहिली सहा वर्षं मिळून २४-४०-२ (शेवटचा आकडा बरोबरीचा), १९९२ मध्ये तर २-८-१, तरी ठेवला, पुढच्या वर्षी ९-३ आणि १९९९ च्या सीझनला नॅशनल चॅम्पियनशिपच्या मॅचपर्यंत. डॅबो स्विनी २०१० मध्ये ६-७ होता, क्लेमसनने धीर धरला, नंतर दोन टायटल. जिम हारबॉने २०२० मध्ये मिशिगनला २-४ केलं, पगार जवळपास निम्मा करून ठेवला, २०२३ ला १५-० आणि टायटल. ही उदाहरणं खरी आहेत, पण ती आठवणीत राहतात कारण दुर्मिळ आहेत. वेळ देऊन वाया गेलेल्या कोचची नावं कोण लक्षात ठेवतं? त्यापेक्षा हे बघा की थांबल्यावर कोचने स्वतः काही बदललं का. हारबॉने डिफेन्सचा कोऑर्डिनेटर (बचाव सांभाळणारा मुख्य असिस्टंट कोच) बदलला आणि टीमचा नूरच पालटला. पण हाही काही रामबाण नाही हं, फ्रॉस्टने पण २०२१ च्या शेवटी ऑफेन्सचे (चढाईचे) चार असिस्टंट घालवले होते, नवीन कोऑर्डिनेटर आणला होता. मग ऑफेन्स ठीक चालला आणि डिफेन्सने ६४२ यार्ड दिले.

अजून एक, कोचला निवडणारा कोण आहे ते बघा. जिंबोला ए अँड एममध्ये आणणारे डायरेक्टर स्कॉट वुडवर्ड, आणि एलएसयूमध्ये (लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटी) ब्रायन केलीला आणणारेही तेच. केलीला ऑक्टोबर २०२५ मध्ये काढलं, बायआउट ५४ मिलियनच्या घरात, आणि काही दिवसांत वुडवर्डही गेले. अ‍ॅथलेटिक डायरेक्टर तोच ठेवून फक्त कोच बदलायचा असेल तर विचारा की बाबा, मागचा पण याच डोळ्यांनी निवडला होता ना.

आणि शेवटी भांडणात जो जोरजोरात 'काढा काढा' करतोय त्याच्या हातात कागद-पेन द्यायचं आणि सांगायचं, तीन नावं लिही. खरी नावं. आत्ता कुठे आहेत, तिथून का सोडून येतील, तिथला बायआउट कोण भरणार. नव्वद टक्के आवाज इथेच खाली येतो. नावं नसतील तर 'काढा' म्हणायचा हक्क नाही, असं मी कित्येक वर्षं सगळ्यांना ऐकवत आलोय.

फ्रॉस्ट गेला त्या रविवारी आम्ही चौघांनी पण लिहिली. चौघांची मिळून बारा नावं, भांडून, खोडून, क्रमाने लावून, कागद फ्रिजवर चिकटवला. नोव्हेंबरच्या शेवटी नेब्रास्काने मॅट रूल आणला. बारात तो नव्हता, असणारच कसा, आम्ही लिहीत होतो तेव्हा तो कॅरोलिना पँथर्स या व्यावसायिक टीमचा कोच होता, त्यांनी त्याला काढलं ऑक्टोबरमध्ये. रूममेटने त्या कागदाच्या तळाशी पेन्सिलने '१३. जो अजून बेकार झाला नाही तो' असं लिहून ठेवलंय, आणि घर बदललं तरी तो कागद त्याने नवीन फ्रिजवर लावलाय.