घाट चढून आलात? इंजिन लगेच बंद करू नका

आय-ट्वेंटी एन लाइनसारखी छोटी टर्बो गाडी असेल तर ही एक सवय लावून घ्याच. ९९८ सीसीचं इंजिन १२० पीएस (म्हणजे अश्वशक्ती) देतं ते टर्बोच्या, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्याच्या जिवावर, आणि तो टर्बो जोरात चालवताना मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो, एक्झॉस्टच्या गरम गॅसवर, आणि त्याच्या बेअरिंगला आधार असतो तो फक्त इंजिन ऑइलचा. आता बोरघाट दाबून चढलात आणि लोणावळ्याला वडापाव दिसला म्हणून खटकन इंजिन बंद केलंत, की ऑइलचा प्रवाह थांबतो आणि आत अडकलेलं ऑइल जळून काजळी धरायला लागते. म्हणून शेवटचे दोन-तीन किलोमीटर आरामात या, थांबल्यावर मिनिटभर इंजिन आयडलवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता नुसतं चालू ठेवा, मग बंद करा. रोजच्या सिटी ड्रायव्हिंगनंतर याची गरज नाही हं.

सकाळी उलटं, गाडी सुरू केल्यावर पहिली पाच-सात मिनिटं ॲक्सिलरेटर जोरात दाबायचा नाही. आणि टॉप गिअरमध्ये हजार-बाराशे आरपीएमवरून फुल थ्रॉटल तर कधीच नको, डायरेक्ट इंजेक्शनवाल्या (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये सोडणाऱ्या) टर्बो इंजिनमध्ये त्याने नॉकिंग होऊ शकतं, म्हणजे इंधन चुकीच्या वेळी पेटून इंजिनला धक्के बसतात, सरळ एक गिअर खाली टाका. ऑइल मॅन्युअलमध्ये लिहिलंय त्याच ग्रेडचं, तिथे पैसे वाचवू नका प्लीज.