अप्पा बळवंत चौकातलं ऐंशी रुपयांचं पुस्तक

२०१९ च्या जूनमध्ये मी पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातून पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेचं एक जुनं पुस्तक ऐंशी रुपयांना उचललं. मी मेकॅनिकलचा, कॉलेजात पहिल्या वर्षाला सी ही भाषा झाली होती, तेवढीच शिदोरी. पुस्तकात पेन्सिलीच्या खुणा होत्या, म्हणजे कुणीतरी वाचलंय, एवढ्यावर मी खूश.

घरी पहिल्याच ओळीला एरर. पुस्तकात प्रिंट या कमांडपुढे कंसच नव्हते. पुस्तक पायथॉन २ चं, माझ्या लॅपटॉपवर पायथॉन ३. हा एरर निदान सरळ होता, कंस राहिला म्हणून सांगत तरी होता. कंस घालत घालत पुढे गेलो आणि भागाकारापाशी अडकलो. पुस्तक म्हणतं सात भागिले दोन बरोबर तीन, माझ्याकडे येतंय ३.५. एरर वगैरे काही नाही. सीमध्येही तीनच यायचे, त्यामुळे मला पुस्तकच बरोबर वाटलं. दोन संध्याकाळी मी पायथॉन काढून परत टाकत बसलो होतो! पायथॉन ३ मध्ये साध्या भागाकाराचं उत्तर दशांशात येतं, तीन हवे असतील तर दोन तिरप्या रेघा द्याव्या लागतात, हे ऑफिसातल्या एका ताईंनी सांगितलं तेव्हा कळलं.

गंमत म्हणजे पायथॉन ३ आलं होतं २००८ मध्ये, आणि माझ्या पुस्तकावर साल होतं २०१६. ते पुनर्मुद्रणाचं. मजकूर २.७ धरून लिहिलेला, आणि तसं प्रस्तावनेत स्वच्छ छापलेलंही होतं. प्रस्तावना कोण वाचतं? तुम्ही वाचा. छपाईचं साल सोडून द्या, आवृत्ती कितवी आणि भाषेची व्हर्जन कुठली ते शोधा.

पुस्तक कुणासाठी लिहिलंय, हेही प्रस्तावनेतच सापडतं. सी म्हटलं की सिनिअर मंडळी डोळे झाकून कर्निघन आणि रिची या लेखकांच्या पुस्तकाचं नाव घेतात. तीनशे पानांच्या आतलं, सुरेख पुस्तक. पण व्हेरिएबल, लूप, फंक्शन म्हणजे काय हे थोडंफार माहीत आहे असं ते धरूनच चालतं. पहिलीच भाषा असेल तर दुसऱ्या प्रकरणात दमछाक होते आणि माणूस स्वतःलाच ढ समजायला लागतो.

पायथॉनचं अधिकृत ट्युटोरिअल त्यांच्या साइटवर फुकट आहे. त्यातली दोन-तीन प्रकरणं करून मगच दुकानात जा, म्हणजे निदान काय बघायचं ते कळेल. मी आता थेट मधलं एखादं प्रकरण उघडतो, फाइल वाचण्याचं किंवा डिक्शनरीचं (म्हणजे पायथॉनमध्ये माहिती जोड्यांनी साठवायची सोय), आणि उभ्या उभ्या दोन पानं वाचतो. शेवटी सोडवायला काही दिलंय का, तेही बघतो. नुसतेच 'योग्य पर्याय निवडा' असेल तर परत ठेवतो.

जून मात्र टाळा. शाळेच्या पुस्तकांसाठी अख्खं पुणं त्या चौकात लोटलेलं असतं; प्रस्तावना सोडाच, पुस्तक धड उघडताही येत नाही.