द्राक्षबागांच्या मुलखात मॅग्नेटोमीटर कसा चालवावा

जमिनीखालच्या खडकांचा माग काढायला दिंडोरी-निफाडकडे मॅग्नेटोमीटर (चुंबकीय क्षेत्र मोजणारं यंत्र) घेऊन निघालात तर आधी द्राक्षबाग टाळा. मांडवाचे अँगल, तारा, बोअरचं केसिंग, मोटर: सगळं लोखंड, आणि रीडिंगचा पार विचका. मी बांधापासून तीसेक मीटर तरी लांब रेषा आखते. रेल्वे आणि हायटेन्शन लाईनपासून त्याहून कितीतरी लांब. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याचं चुंबकीय वेधाचं काम अलिबागला न्यावं लागलं होतं, तिथली वेधशाळा 1904 मध्ये सुरू झाली. मग आपल्याला शंभर पावलं जास्त चालायला काय होतंय?

रेषा डाईकला (लाव्हा भेगेत गोठून झालेल्या उभ्या दगडी भिंतीला) आडवी घ्या. दर दहा मीटरला एक रीडिंग, आकडा हलू लागला की दोन-दोन मीटरला. सेन्सर काठीवर दोन मीटरहून उंच धरा, कारण मुरमातले सुटे धोंडेसुद्धा चुंबकीय असतात. काठी धरणाऱ्याने मोबाईल, किल्ल्या, बक्कलचा पट्टा गाडीतच ठेवायचा. चपलेतले खिळेही बघून घ्या, हसू नका. दुसरं यंत्र असेल तर ते एका जागी ठेवून दर मिनिटाला नोंद घ्या. नसेल तर अर्ध्या-पाऊण तासाने पहिल्या ठिकाणी परत या. दिवसभरात क्षेत्र आपसूकच काही दहा नॅनोटेस्लांनी (हे चुंबकीय क्षेत्राचं एकक) हलतं. ते वजा केलं नाही तर नकाशावर नसलेली डाईक उगवते.

नाशिकला एकूण क्षेत्र 43 ते 44 हजार नॅनोटेस्ला. आता खरी गोम. आपल्याकडचे बरेच लाव्हा थर सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी, पृथ्वीचे ध्रुव उलटे असताना गोठले. ते चुंबकत्व दगडात टिकून आहे, त्यामुळे डाईकवर आकडा चढण्याऐवजी धपकन उतरूही शकतो. शिवाय इथे क्षेत्राचा क्षितिजाशी कल तीस अंशांच्या आत असल्याने चढ-उताराची जोडी येते आणि शिखराच्या बरोबर खाली काही सापडेलच असं नाही.

चढ दिसला म्हणजे खनिज, असंही नाही. बेसॉल्टमध्ये (आपल्या काळ्या कातळात) मॅग्नेटाईट हे चुंबकीय खनिज असतंच. म्हणून त्याच रेषेवर व्हीएलएफ घ्या, म्हणजे दूरच्या केंद्राच्या अतिकमी वारंवारतेच्या रेडिओ सिग्नलवरून जमिनीतला वीजवाहक पट्टा शोधणारं यंत्र. तमिळनाडूतल्या नौदलाच्या कट्टबोम्मन केंद्राचा 18.2 किलोहर्ट्झचा सिग्नल इथे मिळतो. केंद्र दक्षिणेला, किंचित पूर्वेकडे. म्हणून त्या दिशेने पसरलेला वाहक पट्टा छान पकडला जातो, पूर्व-पश्चिम पट्टा निसटतो. टिल्टचा (यंत्रावर दिसणाऱ्या सिग्नलच्या कलाचा) आकडा शून्य ओलांडतो तिथे खूण करा. पण तिथे पाईपलाईन किंवा तारेचं कुंपण नाही ना, हे आधी बघा.

काम एप्रिल-मेमध्ये, जमीन कोरडी असताना उरका. 10 ओहम-मीटर विद्युतरोधाच्या (आकडा कमी तितकी वीज सहज वाहते) ओल्या काळ्या जमिनीत हा सिग्नल बारा मीटरच्या आसपासच विरतो. 200 ओहम-मीटरच्या कातळात पन्नासच्या पुढे जातो.

शेतकरी विचारतातच, "ताई, पाणी कुठं लागंल?" मी सांगते, "दादा, यंत्राला पाणी दिसत नाही. डाईकच्या कडेचा फुटलेला, ओला पट्टा दिसला तर दाखवते." धातूच्या शोधातही हेच. पायरोटाईट (लोह-गंधकाचं खनिज) दोन्ही यंत्रांना दिसतो, चाल्कोपायराईट (तांब्याचं खनिज) फक्त व्हीएलएफला, आणि ग्रॅफाईटही व्हीएलएफला दिसून फसवतो. सिन्नरकडच्या खाणीतले झिओलाईट (कातळाच्या पोकळ्यांतले स्फटिक) मात्र दोघांनाही दिसत नाहीत; त्यांच्यासाठी हातोडाच बरा.