लिनक्स अपग्रेड करण्याआधी काय काय हाताशी हवं

सगळ्यात आधी दिवस ठरवा. मला शनिवारची सकाळ बरी वाटते. सुट्टी असते, काही मोडलं तर दिवसाउजेडी कळतं, आणि एखादी केबल किंवा पेनड्राइव्ह लागलाच तर लॅमिंग्टन रोडची दुकानं उघडी असतात. रविवारी तिथली बहुतेक शटरं खाली असतात. हातात तारखेचं काम असेल, मग ते सोसायटीचं ऑडिट असो, मुलीचा प्रोजेक्ट असो की दिवाळी अंकाची प्रुफं, तर अपग्रेड सरळ पुढे ढकला. नवी आवृत्ती आली म्हणून त्याच आठवड्यात ती घ्यायलाच हवी असं नसतं. उबुंटू या लोकप्रिय लिनक्सच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्त्या दर २ वर्षांनी एप्रिलमध्ये येतात आणि त्यांना ५ वर्षं सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत राहतात. २४.०४ एप्रिल २०२४ मध्ये आली, पण २२.०४ वापरणाऱ्यांसाठी अपग्रेडची वाट उघडली ती ऑगस्टअखेर २४.०४.१ आल्यावर. तेव्हाही अपग्रेड करणाऱ्या प्रोग्रॅममध्येच दोष सापडला आणि ती वाट काही दिवस बंद ठेवावी लागली. तेव्हा आपण महिना-दोन महिने थांबलो तर काही बिघडत नाही.

हे इतकं बजावून सांगतेय ते मुलुंडच्या मावशीमुळे. ती मुद्रितशोधनाची कामं करते. एका दिवाळी अंकाची ९६ पानं हातात असताना तिने शनिवारी रात्री अपग्रेड लावलं आणि झोपली. रात्री कधीतरी इमारतीतली वीज मिनिटभर गेली असणार, कारण सकाळी मायक्रोवेव्हचं घड्याळ शून्यावर लुकलुकत होतं. संगणक सुरू केला तर काळी स्क्रीन आणि डाव्या कोपऱ्यात एक पांढरी रेघ, तीही लुकलुकणारी. मी परळला, रविवारचा मेगाब्लॉक, त्यामुळे जे करायचं ते फोनवरच. "अगं, माझ्या फायली गेल्या का गं सगळ्या?" हा तिचा पहिला प्रश्न. मी म्हटलं, आधी कॅप्स लॉक दाब, दिवा लागतो का बघ. लागला. परत दाब. विझला. म्हणजे आत यंत्रणा जिवंत होती, फक्त चित्र दाखवणारा थर पडला होता. मग कंट्रोल, ऑल्ट आणि एफ ३ एकदम दाबायला लावलं. काळ्या पडद्यावर लॉगिन आलं. पासवर्ड टाइप करताना तिथे ठिपकेसुद्धा दिसत नाहीत, हे माणसाला आधी सांगावं लागतं, नाहीतर कीबोर्डच मेला असं वाटतं. कागदपत्रांच्या फोल्डरमध्ये जाऊन एल, एस, एंटर. फायलींची यादी आली, पण मराठी नावांच्या जागी नुसते ठोकळे. त्या काळ्या पडद्याला देवनागरी दाखवता येत नाही, फायलींना काही झालेलं नसतं. काही नावांत तिने इंग्रजी आकड्यांत तारखा घातल्या होत्या, त्या तिने एकेक वाचून दाखवल्या. शेवटची तारीख ऐकली आणि आम्ही दोघी थोडा वेळ काहीच बोललो नाही.

दुरुस्ती त्यानंतरची, आणि ती एका ओळीची होती. सुडो, स्पेस, डीपीकेजी, स्पेस, डॅश डॅश कन्फिगर, स्पेस, डॅश ए. वीज गेल्यामुळे अर्धवट राहिलेली पॅकेजं या आज्ञेने पुरी होतात. दहा मिनिटं अक्षरं सरकत राहिली, ग्राफिक्सचा ड्रायव्हर तयार झाला, रीबूट केलं आणि नेहमीचा लॉगिनचा पडदा आला. फॉरमॅट मारायला कुणी आलं असतं तर त्या ९६ पानांचं काय झालं असतं, याचा विचार आजही नकोसा वाटतो. म्हणून ही तयारी.

विजेपासून सुरुवात करू. मुंबईत वीज जात नाही या भरवशावर आपण असतो. १२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी शहरभर वीज गेली आणि लोकल जागच्या जागी थांबल्या तेव्हा तो भरवसा किती खरा हे कळलं. डेस्कटॉपला यूपीएस नसेल तर शेजाऱ्यांकडून दिवसभरासाठी मागून आणा. लॅपटॉप असेल तर चार्जर लावलेलाच ठेवा आणि झोप मोड बंद करा.

मग कागद. फोनमध्ये नोंद चालेल, पण मी वहीच वापरते. त्यात लिहायचं: सध्याची आवृत्ती, कर्नलचा (म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा) आकडा, ग्राफिक्स आणि वायफायच्या चिपचं नाव, डिस्क एन्क्रिप्ट (कुलूपबंद) केलेली असेल तर तिचा पासफ्रेज, बूटचा म्हणजे संगणक सुरू होतानाचा मेनू कुठल्या कीने उघडतो ती की. शेजारी विंडोज असेल आणि त्यावर बिटलॉकर हे डिस्कचं कुलूप असेल तर त्याची ४८ आकडी रिकव्हरी की आजच काढून ठेवा; बूटची मांडणी बदलल्याचं दिसलं की तो नेमकी तीच मागू शकतो.

बॅकअपबद्दल मी जरा हट्टी आहे. टाइमशिफ्ट या प्रोग्रॅमने स्नॅपशॉट (सिस्टिमची त्या क्षणाची प्रत) घेतला म्हणजे बॅकअप झाला असं अनेकांना वाटतं. टाइमशिफ्ट मुळात सिस्टिमच्या फायलींसाठी आहे, तुमच्या स्वतःच्या फायलींचं होम फोल्डर तो आपणहून घेत नाही. शिवाय स्नॅपशॉटसाठी लिनक्सची फाईल सिस्टिम असलेली डिस्क लागते. विंडोजसाठी फॉरमॅट केलेल्या डिस्कवर तो जमत नाही. तेव्हा दोन्ही करा: स्नॅपशॉट वेगळा आणि होमची प्रत वेगळी, तीही बाहेरच्या डिस्कवर. प्रत घेताना लपलेली फोल्डरं विसरू नका, ज्यांच्या नावाआधी टिंब असतं ती. ब्राउझरचे पासवर्ड, थंडरबर्डचा सगळा टपाल तिथेच असतो. उबुंटूमध्ये २२.०४ पासून फायरफॉक्स स्नॅप या वेगळ्या प्रकारच्या पॅकेजच्या स्वरूपात येतो आणि त्याचं प्रोफाइल होममधल्या स्नॅप नावाच्या फोल्डरात असतं, तेही घ्या. शेवटी ती डिस्क दुसऱ्या संगणकाला लावून चार-पाच फायली खरोखर उघडून बघा. पावसाळाभर कपाटात दमट हवेत पडलेली डिस्क ऐन वेळी उघडेलच असं गृहीत धरू नका.

लाइव्ह पेनड्राइव्ह, म्हणजे ज्यावरून काहीही न बसवता लिनक्स चालतं तो, ८ जीबीचा पुरतो. त्यात नवीच आवृत्ती टाका, उतरवलेली फाईल नीट आली का ते चेकसमने (फाईलसोबत दिलेल्या पडताळणीच्या आकड्याने) ताडून बघा, आणि मुख्य म्हणजे त्यावरून एकदा बूट करून बघा. हे करताना दोन गोष्टी कळतात: पेनड्राइव्ह चालतो, आणि नवं कर्नल तुमचं वायफाय, आवाज, स्क्रीन ओळखतं की नाही. इथेच स्क्रीन काळी पडली तर अपग्रेडनंतरही पडण्याची शक्यता आहे, आणि हे कळायला तुम्ही काहीही मोडलेलं नाही.

जागा बघा: डीएफ, स्पेस, डॅश एच. मुख्य पार्टिशनवर मी १५-२० जीबी मोकळी असल्याशिवाय हात लावत नाही. बूटचं वेगळं पार्टिशन असेल तर ते जुन्या कर्नलनी भरलेलं असतं. जुनी काढा, पण सध्याचं आणि त्याआधीचं एक राहू द्या. बाहेरून जोडलेल्या रिपॉझिटऱ्यांची, म्हणजे सॉफ्टवेअर जिथून येतं त्या साठ्यांची, यादी वहीत उतरवा. अपग्रेड करताना त्या बंद केल्या जातात, आणि नंतर काय जोडलेलं होतं हे कुणालाच आठवत नाही.

आता ग्राफिक्सचा ड्रायव्हर, कारण काळ्या स्क्रीनच्या मुळाशी बहुतेक वेळा हाच असतो. एनव्हिडियाचा ड्रायव्हर कर्नलच्या बाहेरचा आहे. प्रत्येक नव्या कर्नलसाठी त्याचं मॉड्यूल जुळवावं लागतं, आणि अनेक ठिकाणी ते काम डीकेएमएस नावाचा प्रोग्रॅम पडद्यामागे करतो. हे तीन ठिकाणी अडकतं. एक, बांधणी अर्धवट राहते, मावशीसारखी. दोन, सिक्युअर बूट हा संगणक सुरू होतानाचा पहारा चालू असतो आणि सही नसलेलं मॉड्यूल तो आत घेत नाही. अशा वेळी अपग्रेड मध्येच एक पासवर्ड ठरवायला सांगतं आणि रीबूटनंतर निळ्या पडद्यावर की नोंदवायचा पर्याय येतो. तो पडदा थोडाच वेळ थांबतो. घाबरून पुढे गेलात तर ड्रायव्हर चालत नाही. पासवर्ड वहीत, आणि त्या रीबूटला समोर बसायचं. तीन, कार्डच जुनं असतं. जीफोर्स ४०० आणि ५०० मालिकेतल्या कार्डांना लागणाऱ्या ३९० ड्रायव्हरचा आधार एनव्हिडियाने २०२२ अखेर संपवला. अशी कार्डं जुन्या बाजारातून घेतलेल्या संगणकांत अजून भेटतात. ज्यांच्याकडे ती आहेत त्यांनी अपग्रेडच्या आधीच तो ड्रायव्हर काढून नूव्हो या खुल्या ड्रायव्हरवर यावं. जड खेळ चालणार नाहीत, पण पडदा दिसेल.

मराठीत काम करणाऱ्यांसाठी आणखी थोडं. टायपिंगसाठी आयबस किंवा जे काही वापरता त्यातला कीबोर्ड इनस्क्रिप्ट आहे की उच्चारानुसारी, हे नावासकट लिहून ठेवा. युनिकोडच्या आधीच्या फॉन्टांत केलेल्या फायली असतील तर तो फॉन्ट बाजूला प्रत करून ठेवलाच पाहिजे. तो गेला की मजकूर म्हणजे इंग्रजी अक्षरांचा नुसता गुंता. लिबरऑफिसची आवृत्ती बदलली की ओळी आणि पानं सरकतात, म्हणून चालू कामाची पीडीएफ काढून ठेवा, पुढे ताडून बघता येते.

आत शिरायला दुसरं दारही ठेवा. ओपनएसएसएच सर्व्हर आधीच बसवला आणि संगणकाचा आयपी पत्ता वहीत असला, तर स्क्रीन पूर्ण मेली तरी घरातल्या दुसऱ्या लॅपटॉपवरून किंवा फोनवरच्या टर्मक्स या ॲपमधून आत जाता येतं. नेटसाठी फोन आणि डेटा केबल. वायफायचा ड्रायव्हर गेला तरी यूएसबी टेदरिंग सहसा चालतं. काळ्या पडद्यावर वायफाय जोडायचं असेल तर एनएमटीयूआय हे नाव लक्षात ठेवा, त्यात बाणांनी फिरता येतं.

अपग्रेड सुरू झालं की तिथून उठू नका. सेटिंगची फाईल बदलू का असं विचारलं आणि ती तुम्ही कधी हाताने बदलली असेल तर जुनी ठेवा, फाईलचं नाव लिहा. शेवटी कालबाह्य पॅकेजं काढू का, असा प्रश्न येतो. मी ठेव म्हणते, आठवडाभर सगळं नीट चाललं की मग काढते.

आणि तरीही मोडलं, तर क्रम असा. कॅप्स लॉकचा दिवा. मग कंट्रोल, ऑल्ट, एफ ३. लॉगिन आलं तर वर सांगितलेली डीपीकेजीची ओळ, त्यामागून सुडो ॲप्ट डॅश डॅश फिक्स ब्रोकन इन्स्टॉल, यात फिक्स आणि ब्रोकनच्या मध्येही एक डॅश. डीकेएमएस स्टेटस विचारलं की ड्रायव्हर कुठल्या कर्नलसाठी तयार आहे ते दिसतं. लॉगिनच आलं नाही तर बंद करून पुन्हा चालू करताना एस्केप, किंवा जुन्या बायोसवर शिफ्ट, म्हणजे ग्रबचा (सिस्टिम सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमचा) मेनू येतो. प्रगत पर्यायांत जाऊन आधीचं कर्नल निवडा. तेही नाही चाललं तर ई दाबा, लिनक्स या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी नोमोडसेट लिहा आणि एफ १० दाबा. हा बदल त्या एका बूटपुरताच असतो, त्यामुळे बिनधास्त करा. त्याच मेनूतल्या रिकव्हरी मोडमध्ये डिस्क तपासण्याचा आणि पॅकेजं दुरुस्त करण्याचाही पर्याय असतो. ग्रबसुद्धा दिसत नसेल तर लाइव्ह पेनड्राइव्ह, आणि तिथे पहिलं काम दुरुस्ती नाही. चालू कामाच्या फायली बाहेर काढणं.

पासवर्ड दिला की क्षणभर पडदा हलतो आणि पुन्हा लॉगिनवर येतो, तेव्हा आधी डिस्क भरलीय का बघा. मग काळ्या पडद्यावरून एक नवा वापरकर्ता तयार करून त्याने आत जाऊन पाहा. त्याचा डेस्कटॉप चालला तर सिस्टिम ठीक आहे, बिघाड तुमच्या होममधल्या सेटिंगमध्ये आहे. बऱ्याचदा डेस्कटॉपची जुनी एक्स्टेन्शन्स त्याच्या मुळाशी निघतात: २२.०४ मध्ये नोम या डेस्कटॉपची ४२ वी आवृत्ती होती, २४.०४ मध्ये ४६, आणि मधल्या ४५ ने एक्स्टेन्शन लिहायची पद्धतच बदलली. विद्यार्थ्यांकडे पायथनचा घोळ असतो. ३.१० चं ३.१२ झालं की जुनी व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, म्हणजे प्रोजेक्टसाठी वेगळी ठेवलेली पायथनची मांडणी, नव्याने बांधावी लागते. त्यासाठी सिस्टिमचं पायथन मात्र बदलायला जाऊ नका, टर्मिनल आणि पॅकेजं बसवणारं ॲप्ट दोन्ही बंद पडू शकतात.

कुणाला विचारायची वेळ आली तर "चालत नाही" एवढं सांगू नका. आवृत्ती, कर्नल, कार्डाचं नाव, सिस्टिमच्या नोंदी दाखवणाऱ्या जर्नलसीटीएलमधल्या चुकांचा फोटो आणि अपग्रेडची नोंदवही द्या. उबुंटूत ती लॉगच्या डिस्ट-अपग्रेड फोल्डरात असते. टर्मिनलची भीती वाटत असेल तर पवईच्या आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्सचे धडे मराठीत आहेत. अपग्रेडच्या आदल्या आठवड्यात रोज एक ऐका.

मावशीने आता स्वतःचं पान केलंय. कपाटाच्या दाराला आतून चिकटवलंय, आज्ञा मोठ्या इंग्रजी अक्षरांत, शेजारी "सगळं लहान लिपीत टाइप करायचं" अशी सूचना. शून्याच्या पोटात तिरकी रेघ आहे, म्हणजे ओ शी गफलत नको. आणि जिथे स्पेस द्यायची तिथे तिने लाल पेनाने मुद्रितशोधनातली जागा सोडायची खूण केलीय, प्रत्येक ठिकाणी, एकही न चुकवता.